विश्लेषण : ‘अँटिक फ्रेंच’ खडूचित्र विकत घेताय? किंमत कागदाची नव्हे, कागदपत्रांची!

तपकिरी पडलेला कागद. त्यावर लाल-काळ्या खडूने काढलेली पाठमोरी मानवी आकृती. कोपऱ्यात न लागणारी सही आणि खाली ओळ : ‘अँटिक फ्रेंच चॉक फिगर ड्रॉइंग. दुर्मीळ. तातडीने विकणे आहे.’ जुन्या वस्तूंच्या बाजारात अशा भाषेतल्या जाहिराती नव्या नाहीत आणि हा बाजार आता मोबाइलवर आला आहे. प्रत्यक्ष बाजारही लांब नाही. मोरा बंदरातून लाँच पकडली की तासाभरात भाऊचा धक्का आणि तिथून टॅक्सीने चोर बाजाराची मटण स्ट्रीट.

अशा कागदाबाबत चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. घेणारा साध्या छापील प्रतीसाठी साठवलेले पैसे घालवून बसतो. दुसरीकडे, उरण-पनवेल पट्ट्यातल्या एखाद्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांनी ठेवलेले खरे चित्र रद्दीच्या भावाने जाते. शिवाय वस्तू १०० वर्षांपेक्षा जुनी असेल तर कायदाही आड येतो. म्हणून पैसे देण्याआधी किंवा घेण्याआधी काय तपासायचे, ते समजून घेऊ.

‘फ्रेंच चॉक’ म्हणजे नेमके काय?

पहिला गोंधळ नावातच आहे. आपल्याकडे ‘फ्रेंच चॉक’ म्हटले की शिंप्याचा खडू किंवा पंक्चरवाल्याकडची, ट्यूबवर चोळायची पांढरी पावडर आठवते. ते असते टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याच्या जातीचे मऊ खनिज. चित्राच्या जाहिरातीतला अर्थ वेगळा आहे. तिथे ‘फ्रेंच’ हे चित्राचे मूळ आणि ‘चॉक’ हे माध्यम.

युरोपातल्या चित्रकारांचे खडू मुख्यतः तीन. लाल खडू हा लोहयुक्त माती, म्हणजे आपल्या गेरूचाच भाऊ. तुळशीवृंदावनाला ज्या जातीच्या मातीचा लेप लागतो, त्याच जातीची घट्ट कांडी. फ्रेंचमध्ये त्याला ‘सांगीन’ म्हणतात, रक्तासारख्या रंगावरून. काळा खडू हा कार्बन असलेल्या मऊ दगडाचा. पांढरा खडू उजेड पडलेला भाग दाखवण्यासाठी.

हे तिन्ही एकाच चित्रात वापरण्याच्या पद्धतीला फ्रेंचमध्ये ‘त्र्वा क्रेयाँ’, म्हणजे तीन खडू, असे नाव आहे. आंत्वान वातो (१६८४-१७२१) हा चित्रकार त्यासाठी विशेष ओळखला जातो. पिएर-पॉल प्रुदाँ (१७५८-१८२३) याची निळसर कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने काढलेली मानवाकृतींची चित्रेही प्रसिद्ध आहेत.

१७९५च्या सुमारास निकोला-झाक काँते याने ग्रॅफाइटची भुकटी आणि माती एकत्र भाजून पेन्सिलीची शिसे तयार करण्याची रीत काढली. त्याच्या नावाचे ‘काँते क्रेयॉन’ आजही कलासाहित्याच्या दुकानात मिळतात. म्हणजे चित्र ‘काँते’ने काढलेले आहे आणि ते १७५० सालचे आहे, असे दोन्ही दावे विक्रेता एका दमात करत असेल, तर त्यातला एक तरी चुकीचा आहे.

अशी चित्रे इतकी का सापडतात?

उत्तर शाळेत आहे. पॅरिसमध्ये १६४८ साली चित्र आणि शिल्पकलेची राजकीय अकादमी स्थापन झाली. तिथे विद्यार्थ्याने आधी छापील चित्रांवरून, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून आणि शेवटी समोर बसलेल्या जिवंत मॉडेलवरून आकृती काढायची, असा क्रम होता. या शेवटच्या प्रकारच्या चित्रालाच ‘आकादेमी’ म्हणू लागले. हीच पद्धत पुढे युरोपभर पसरली.

वर्गात एका मॉडेलभोवती अनेक विद्यार्थी बसत आणि प्रत्येक जण काढत असे. वर्षानुवर्षे हे चालू होते. त्यामुळे असे कागद प्रचंड संख्येने तयार झाले. तो वर्गपाठ असल्याने बहुतेकांवर सही नाही. म्हणजे ‘१५० वर्षे जुने’ हे खरे असले तरी ‘दुर्मीळ’ हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. जुनी वस्तू आणि दुर्मीळ वस्तू यांत जाहिराती मुद्दाम फरक करत नाहीत.

एक बारीक खूण इथे उपयोगी पडते. १८व्या शतकात अकादमीच्या अधिकृत वर्गात मॉडेल पुरुषच असे. त्यामुळे ‘१८व्या शतकातील अकादमीचा वर्गपाठ’ म्हणून स्त्री-आकृती दाखवली जात असेल तर प्रश्न विचारायला हवा. त्यावरून चित्र खोटे ठरत नाही, कारण चित्रकार आपापल्या चित्रशाळेत स्त्री-मॉडेल बसवत. पण विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट तपासायला हवी, एवढे नक्की.

मुंबईकडच्या घरातले चित्र फ्रेंच असेल की इथलेच?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. युरोपीय पद्धतीची रेखाटने मुंबईतही पिढ्यान्‌पिढ्या होत होती. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन हा तिथल्या शिक्षणाचा पाया होता. १९१९ साली आलेल्या ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात जिवंत मॉडेलवरून नग्नाकृती काढण्याचा वर्गही सुरू झाला.

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) विद्यार्थी म्हणून १८९० साली या संस्थेत आले आणि शिक्षक म्हणून १९३१ पर्यंत तिथे राहिले. मानवी आकृतीवरची त्यांची पकड पुस्तकांसाठी आणि पोस्टकार्डांसाठी केलेल्या चित्रांतही दिसते. गोव्याचे आंतोनिओ शावियर त्रिंदाद (१८७०-१९३५) याच संस्थेत घडले. त्यांच्या कामाचा मोठा संग्रह आज पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे आहे.

म्हणून कोकणातल्या किंवा मुंबईच्या आसपासच्या घरात खडूची किंवा कोळशाची जुनी आकृती सापडली, तर ‘फ्रेंच असेल’ ही पहिली शंका नसावी. ‘घरात कुणी जे. जे.त शिकायला होते का?’ हा पहिला प्रश्न असावा. इथल्या विद्यार्थ्याचे चित्र ‘फ्रेंच’ म्हणून खपवले की एकदम दोन नुकसाने होतात. घेणारा फसतो आणि इथल्या एका चित्रकाराचे नाव पुसले जाते.

फ्रेंच चित्र इथे असूच शकत नाही, असेही नाही. मुंबईच्या श्रीमंत घराण्यांनी युरोपातून कलाकृती आणल्या. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली युरोपीय चित्रे आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. पण तिथे ती कुणाकडून आली, याची नोंद आहे. फरक पडतो तो याच नोंदीने.

नोंद नसली तर काय होते? मोऱ्यासमोरच्या बेटाचा धडा

मोरा बंदरातून समोर दिसणारी घारापुरी हे याचे जवळचे उदाहरण. तिथली शिल्पे पाहून युरोपीय प्रवासी आणि चित्रकारांनी १८व्या शतकातच रेखाटने केली. त्यांपैकी एक स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स. तो १७९१ साली मुंबईत आला, पुढे पुण्यात पेशव्यांच्या दरबारात त्याने चित्रे काढली आणि पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या रेखाटनाचे काम हाती घेतले. १७९५ साली त्याचा मृत्यू झाला.

याच काळात पुण्याचा गंगाराम तांबट हा चित्रकार वेल्ससाठी आणि ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करत होता. वेरूळची लेणी त्याने कागदावर उतरवली. १८०३ साली टॉमस डॅनियलने वेरूळच्या लेण्यांवर २४ दृश्यांचे पुस्तक काढले. त्याच्या शीर्षकात ‘जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून’ असे छापले गेले. गंगारामचे नाव शीर्षकात नव्हते.

तरीही आज गंगाराम तांबट हे नाव आपल्याला माहीत आहे. ते का? वेल्सच्या मुलीचे लग्न पुढे मॅलेटशी झाले, चित्रे आणि कागद कुटुंबात एकत्र राहिले, काही रेखाटनांवर नोंदी होत्या आणि हे साहित्य अखेर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात पोहोचले. चित्रांची साखळी तुटली नाही, म्हणून अभ्यासकांना एका मराठी चित्रकाराचे काम वेगळे ओळखता आले. हेच कागद सुटे-सुटे विकले गेले असते, तर त्यांच्यावर ‘युरोपीय चित्रकार, १८वे शतक’ एवढीच चिठ्ठी लागली असती.

कलाबाजारात या साखळीला ‘प्रॉव्हेनन्स’ म्हणतात. साध्या मराठीत, वस्तूची हातोहात कुळकथा. सातबाऱ्यावर जमिनीचे जसे फेरफार नोंदलेले असतात, तसेच हे. जमीन घेताना आपण सातबारा मागतो, चित्र घेताना मात्र नुसत्या सहीवर विश्वास ठेवतो.

सहीवर विश्वास का ठेवू नये?

कारण सही ही चित्रातली सर्वांत सोपी नक्कल आहे. जे. जे.चेच विद्यार्थी आणि १९५० पासून फ्रान्समध्ये राहिलेले सय्यद हैदर रझा यांचा अनुभव बोलका आहे. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला ते गेले आणि तिथली बरीच चित्रे आपली नाहीतच, हे त्यांच्या लक्षात आले. चित्रकार जिवंत असताना, त्याच्याच डोळ्यांदेखत हे घडले. मग २०० वर्षांपूर्वी गेलेल्या फ्रेंच चित्रकाराच्या सहीची काय कथा?

जुना कागद हाही पुरावा नाही. एरिक हेबॉर्न (१९३४-१९९६) हा इंग्रज चित्रकार जुन्या पुस्तकांतले कोरे कागद मिळवून त्यांवर जुन्या उस्तादांच्या शैलीत रेखाटने करत असे. त्याची कामे नावाजलेल्या विक्रेत्यांमार्फत मोठ्या संग्रहालयांत पोहोचली. १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधले अभ्यासक कोनराड ओबरहूबर यांना वेगवेगळ्या दोन चित्रकारांची म्हणून घेतलेली दोन रेखाटने एकाच प्रकारच्या कागदावर असल्याचे दिसले आणि भांडे फुटले. कागद खराच जुना होता. रेघा तेवढ्या नव्या होत्या.

घरच्या घरी काय तपासता येते?

तज्ज्ञाला पर्याय नाही. पण साध्या फसवणुकीचा बराच भाग घरीच उघडा पडतो.

भिंग : दहापट मोठे दाखवणारे भिंग किंवा मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा घ्या. एकसारख्या ओळीत बसलेले बारीक ठिपके दिसले तर ती छपाई आहे. खरा खडू कागदाच्या खडबडीत उंचवट्यांवर कणाकणाने बसलेला दिसतो, खोलगट जागा मोकळ्या राहतात.

जुनी छपाई : इथे एक सापळा आहे. १८व्या शतकातच फ्रान्समध्ये खडूच्या रेघेची हुबेहूब नक्कल करणारी छपाईची पद्धत निघाली. झिल देमार्तो (१७२२-१७७६) याने फ्रांस्वा बुशे या चित्रकाराची लाल खडूची रेखाटने अशी छापली की काचेमागे पाहताना फरक कळत नाही. हा छाप खराच २५० वर्षे जुना असू शकतो, त्याला स्वतंत्र किंमतही असते. पण ते हाताने काढलेले मूळ रेखाचित्र नव्हे. कागदाच्या कडेने तांब्याच्या पत्र्याचा दबलेला आयत दिसतो का, ते पाहावे. कडा कापल्या असतील तर तो आयतही नाहीसा झालेला असतो.

उजेड : कागद दिव्यासमोर धरा. जाळीच्या साच्यावर हाताने केलेल्या जुन्या कागदात जवळजवळ बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या दूरदूरच्या रेषा दिसतात. कधी कागद गिरणीचे जलचिन्हही दिसते. अशा रेषा नसलेला गुळगुळीत कागद इंग्लंडमध्ये १७५०च्या दशकात आला. त्यामुळे तशा कागदावर ‘१७०० साल’ लिहिलेले असेल तर सावध व्हा. उलट रेषा दिसल्या म्हणून कागद जुना ठरत नाही, कारण तसे कागद आजही बनतात.

अतिनील टॉर्च : नोटा तपासायची छोटी टॉर्च अंधारात कागदावर धरा. कागद निळसर-पांढरा झगमगला तर त्यात चमक आणणारी रसायने आहेत. ती कागदात साधारण १९५० नंतर सर्रास वापरली जाऊ लागली. कागद झगमगला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

पाठ : चित्राची मागची बाजू पुढच्याइतकीच महत्त्वाची. फ्रेमवाल्याची चिठ्ठी, लिलावाचा क्रमांक, पेन्सिलीची नोंद, छोटा शिक्का, काहीही फेकू नका. युरोपातले जुने संग्राहक आपल्या रेखाचित्रांवर स्वतःचा बारीक शिक्का मारत. फ्रिट्स लुख्त या डच अभ्यासकाने अशा शिक्क्यांचा कोश १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. पॅरिसच्या फाँदास्याँ कुस्तोदिया या संस्थेने तो आता ऑनलाइन मोफत उपलब्ध केला आहे. चित्राच्या कोपऱ्यातली दोन अक्षरे कुणाची, हे मोऱ्यात बसून शोधता येते.

एक गोष्ट मात्र करू नये. खडू खरा आहे का, हे पाहण्यासाठी बोट फिरवू नये. खडू निघाला तर ‘खरा’ हे कळेल, पण चित्र गेलेले असेल.

जाहिरातीतले शब्द काय सांगतात?

लिलावाच्या भाषेत शब्दाशब्दाला किंमत असते. नुसते चित्रकाराचे पूर्ण नाव असेल तर विक्रेत्याच्या मते काम त्याच्या हातचे. ‘अट्रिब्यूटेड टू’ म्हणजे बहुधा त्याचे. ‘स्टुडिओ ऑफ’ म्हणजे त्याच्या चित्रशाळेतले. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या प्रभावाखालच्या कुणाचे तरी. ‘मॅनर ऑफ’ म्हणजे त्याच्या शैलीत, पण नंतरच्या काळातले. ‘आफ्टर’ म्हणजे त्याच्या कामावरून केलेली नक्कल. ‘फ्रेंच स्कूल’ म्हणजे चित्रकार कळत नाही, पण काम फ्रेंच वळणाचे वाटते. ‘स्कूल’ म्हणजे इथे शाळा नव्हे.

याशिवाय ‘अँटिक’ आणि ‘अँटिक स्टाइल’ यांत एका शब्दाचा आणि १०० वर्षांचा फरक आहे.

किंमत ठरते कशी?

टोकाची उदाहरणे बातम्यांत येतात. डिसेंबर २०१२ मध्ये लंडनच्या लिलावात राफाएलने काळ्या खडूने काढलेले एका तरुण शिष्याचे मस्तक सुमारे २ कोटी ९७ लाख पौंडांना गेले. मे २०२२ मध्ये मायकेलअँजेलोचे मानवाकृतींचे रेखाटन पॅरिसमध्ये सुमारे २ कोटी ३० लाख युरोंना विकले गेले. हे आकडे वाचून आपल्या घरातल्या कागदाकडे पाहू नये. तिथे किंमत खडूला नव्हती, ठाम नावाला आणि शतकांच्या नोंदींना होती.

नावाबद्दल एकमत नसेल तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे ‘ला बेल्ला प्रिन्चिपेस्सा’. चामड्यावर रंगीत खडू आणि शाईने काढलेले एका तरुणीचे हे चित्र १९९८ साली न्यू यॉर्कच्या लिलावात ‘१९व्या शतकातील जर्मन’ म्हणून २१,८५० डॉलरना गेले. पुढे काही तज्ज्ञांनी ते लिओनार्दो दा विंचीचे असल्याचे मत दिले, तर काहींनी ते साफ नाकारले. कार्बन चाचणीत चामडे जुने निघाले, पण हेबॉर्नची गोष्ट माहीत असलेल्यांना ते पुरेसे वाटले नाही. वाद मिटलेला नाही.

नाव नसलेल्या वर्गपाठाची किंमत रेखाटनाचा दर्जा, कागदाची अवस्था, आकार आणि कुळकथा यांवर ठरते. त्यासाठी विक्रेत्याने सांगितलेली किंमत नव्हे, तर लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर दिसणारी प्रत्यक्ष विक्रीची किंमत पाहावी. मागितलेला आकडा आणि मिळालेला आकडा यांत फार अंतर असते.

कायदा काय म्हणतो?

भारतात ‘पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२’ लागू आहे. त्याची अंमलबजावणी ५ एप्रिल १९७६ पासून सुरू झाली. किमान १०० वर्षे जुने चित्र, शिल्प किंवा अन्य कलाकृती ही ‘पुरावशेष’ या व्याख्येत येते. कलाकृती भारतातच तयार झालेली असावी, अशी अट व्याख्येत नाही. म्हणजे फ्रेंच चित्र खरोखरच ‘अँटिक’ असेल तर ‘ते परदेशी आहे, आपला कायदा लागू नाही’ असे धरून चालू नये.

पहिला परिणाम असा, की खासगी व्यक्तीला असा पुरावशेष देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. उल्लंघनासाठी ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे. ‘परदेशातला ग्राहक आहे, कुरिअर करा’ असे सांगणारा दलाल तुम्हाला थेट या कलमात ढकलत असतो.

दुसरा, अधिसूचित प्रकारच्या पुरावशेषांची नोंदणी करावी लागते. कागदावरच्या चित्रांचाही त्या यादीत समावेश आहे. मालकी बदलली तर त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी लागते. तिसरा, पुरावशेषांच्या विक्रीचा व्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो. विक्रेता ‘शंभर टक्के अँटिक’ म्हणत असेल तर त्याचा परवाना पाहायला मागणे हा तुमचा साधा हक्क आहे. तेवढ्याने तो ‘तसे काही फार जुने नाही’ म्हणू लागला, तर उत्तर मिळालेच.

वस्तू १०० वर्षांपेक्षा जुनी आहे की नाही, याचा निर्वाळा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घेता येतो. या विभागाच्या मुंबई मंडळाचे कार्यालय सायनच्या किल्ल्यावर आहे.

याशिवाय रवींद्रनाथ टागोर, अमृता शेरगिल, राजा रविवर्मा यांच्यासह ९ चित्रकारांची कामे १०० वर्षांची नसली तरी ‘कलानिधी’ म्हणून देशाबाहेर नेता येत नाहीत. शेरगिल यांचे शिक्षण पॅरिसमध्ये झाले आणि तिथल्या वर्गात त्यांनी कोळशाने मानवाकृती काढल्या. म्हणजे पॅरिसमध्ये काढलेली आकृतीसुद्धा आपल्या कायद्याने राष्ट्राचा ठेवा असू शकते.

कराचे काय?

घरातले फर्निचर, कपडे विकले तर भांडवली नफ्याचा प्रश्न सहसा येत नाही, कारण ती वैयक्तिक वापराची वस्तू. पण प्राप्तिकर कायद्याने रेखाचित्रे, चित्रे, शिल्पे आणि कलाकृती या सवलतीतून वगळल्या आहेत. वडिलोपार्जित चित्र विकून आलेला नफा करपात्र ठरतो. २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ मालकी असेल तर तो दीर्घकालीन नफा असतो आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दर आहे, अधिभार आणि उपकर वेगळे. वारसाने आलेल्या वस्तूत आधीच्या मालकाचा काळही धरला जातो. १ एप्रिल २००१ पूर्वीची वस्तू असेल तर त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येते. त्यासाठी मूल्यांकनाचा कागद लागतो. इथेही गाडी कागदपत्रांवरच येऊन थांबते.

खाडीकाठच्या घरात चित्र कसे जपावे?

मोरा, उरण, करंजा या पट्ट्यातली हवा कागदाला मानवत नाही. दमट हवेत कागदावर तांबूस ठिपके पडतात, बुरशी धरते, कसर लागते. खडूचे चित्र तर अधिकच नाजूक, कारण त्यात रंग धरून ठेवणारे तेल नसते. भुकटी कागदावर नुसती टेकलेली असते.

म्हणून लॅमिनेशन कधीही करू नये. सेलोटेप लावू नये. घरी स्प्रे मारू नये. फ्रेम करताना काच आणि कागद यांमध्ये आम्लरहित पुठ्ठ्याच्या चौकटीने अंतर ठेवावे. साधे ॲक्रिलिक टाळावे, कारण त्यावर साचणारी स्थिर वीज खडूचे कण ओढून घेते. समुद्राकडच्या भिंतीवर किंवा उन्हासमोर टांगू नये. कागदावरच्या कामांसाठी संग्रहालये साधारण ५० लक्स एवढाच मंद उजेड ठेवतात.

मुंबईत दाखवायला न्यायचे असेल तर गुंडाळी करू नये. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून, बाहेरून प्लास्टिकचे आवरण घालून न्यावे. पावसाळ्यात लाँचऐवजी उरणहून लोकल बरी. जानेवारी २०२४ पासून ती सोय झाली आहेच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतंत्र कलासंवर्धन केंद्र आहे. दुरुस्तीचा विचार असेल तर तशा प्रशिक्षित संवर्धकाकडेच जावे, फ्रेमच्या दुकानात नव्हे.

मग घ्यायचे की नाही? विकायचे की नाही?

घेणाऱ्यासाठी नियम सोपा आहे. चित्र आवडले आणि परवडले तर ते ‘अनामिक चित्रकाराचे सुंदर रेखाटन’ म्हणून जी किंमत योग्य वाटते, तेवढीच द्यावी. ‘फ्रेंच’, ‘अँटिक’ आणि मोठे नाव यांचे वेगळे पैसे विक्रेता मागत असेल, तर त्या प्रत्येक शब्दाचा वेगळा कागद मागावा. पक्के बिल, त्यावर चित्राचे पूर्ण वर्णन, वय आणि माध्यम, आणि वर्णन चुकीचे ठरल्यास पैसे परत करण्याची लेखी हमी, एवढे तरी हवे.

विकणाऱ्याने पहिल्या ग्राहकाला हो म्हणू नये. आधी पुढून, मागून आणि तिरक्या उजेडात फोटो काढावेत. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसावे आणि हे चित्र कुणी आणले, कधी, कुठून, ते जसे आठवेल तसे तारखेसह लिहून घ्यावे. त्यांची सही घ्यावी. जुनी पत्रे, पावत्या, फोटोत मागे भिंतीवर दिसणारे तेच चित्र, हे सगळे एका पाकिटात ठेवावे. त्यानंतरच दोन वेगवेगळ्या जाणकारांचे मत घ्यावे आणि मत देणाराच ग्राहक नाही ना, हे पाहावे.

कागद कपाटात आणखी ५० वर्षे टिकू शकतो. तो कुणाचा, हे सांगणारा माणूस तेवढा टिकत नाही. त्यामुळे लिलावगृहाला फोन पुढच्या महिन्यात केला तरी चालेल, पण आजीला आजच विचारायला हवे.